दीड डेसिबल

चिठ्ठी त्याचीच होती. तिच्यावर नाव नव्हतं, नाव लिहायचं नाही असंच सगळ्यांना सांगितलं होतं. पण 'घ' काढताना मधली गाठ अर्धवट सोडायची आणि मग चूक लक्षात आल्यासारखी पुन्हा गिरवायची, हे तिच्या नवऱ्याशिवाय कुणी करत नव्हतं. एकूण तेवीस चिठ्ठ्या होत्या. काळ्या पडद्यामागे स्पीकरच्या दोन जोड्या ठेवलेल्या, अ आणि ब. पडद्यापुढे कारखान्यातल्या माणसांच्या घरची माणसं शनिवारची दुपार मोडून अवघडून बसलेली. तीच तीन गाणी आधी एका जोडीवर, मग दुसरीवर. आणि शेवटी कागदाच्या कपट्यावर एक अक्षर, वाटलंच तर एखादं वाक्य. बहुतेकांनी अक्षरावर भागवलं होतं. त्याने वाक्य लिहिलं होतं. 'ब. अ स्वच्छ आहे, पण घरात कुणी नाहीसं वाटतं.' तिने ती चिठ्ठी बाकीच्यांत मिसळली, मग पुन्हा शोधून काढली आणि पर्समध्ये टाकली. बाहेर तो तिची वाट बघत उभा होता, सुतारकाकांशी पोहण्याबद्दल काहीतरी बोलत, दोन्ही हातांनी हवेत पाणी कापत.

अ तिचा होता. म्हणजे तसे दोन्ही तिचेच. त्या छोट्या कारखान्यात स्पीकरची खोकी सुतारकाका करायचे, आतली जोडणी वरच्या मजल्यावर व्हायची आणि सगळं झाल्यावर शेवटचं काम तिचं असायचं, ज्याला तिथे सगळे 'आवाज बसवणं' म्हणत. सुरांचा कुठला पट्टा किती पुढे, कुठला किती मागे, कुठे एखादा सूर खोक्यात घुमतो, कुठे काच खरवडल्यासारखं होतं, ते ऐकायचं, मोजायचं, एखादा भाग बदलायचा, पुन्हा ऐकायचं. अ बसवायला तिला चार वर्षं लागली होती. जे गायलं ते आणि तेवढंच ऐकू यावं, आपलं काही त्यात मिसळू नये, एवढी एकच गोष्ट तिने त्या चार वर्षांत केली होती. ब तिने तीन आठवड्यांत केला होता, मालकांच्या सांगण्यावरून. खाली थोडा जास्त दणका, वर थोडा जास्त चटका. दुसऱ्याच्या अक्षरात पत्र लिहावं तसा. गुरुवारी दोघांतला एक ठरणार होता आणि जो ठरेल त्याच्या पाठीवरच्या पत्र्यावर, नेहमीप्रमाणे, बारीक अक्षरात तिची सही कोरली जाणार होती.

बसमध्ये तो खिडकीशी बसला. त्याच्या अंगाला सुट्टीच्या दिवशीही तलावाच्या पाण्यातल्या औषधाचा वास यायचा. पंचवीस वर्षं तो लोकांना पोहायला शिकवत होता, बंदिस्त तलावावर, आणि नवीन ओळखीच्या माणसाला अजूनही सांगायचा की सगळ्यांना पाण्यात पाहणं हाच माझा धंदा आहे. "कुठला जिंकला?" त्याने विचारलं. "अजून मोजलं नाही," ती म्हणाली. मोजलं होतं. सतरा आणि सहा. सतरा ब. "ब चांगला होता," तो म्हणाला. "बसल्या जागी माझा पाय हलायला लागला. मुद्दाम नाही हलवला, आपोआप." तिने मान हलवली. सहाजण कोण असतील असा ती विचार करत होती आणि त्या सहांतही एखाद्याने अक्षर चुकून लिहिलं असेल असं तिला वाटलं. बस एका वळणावर कलली तेव्हा तो तिच्या अंगावर रेलला आणि मग सावरून पुन्हा आपल्या जागी बसला, परक्या माणसाने बसावं तसा, 'सॉरी' न म्हणता पण म्हटल्यासारखा.

घरात शिरल्यावर ती दिवा न लावता थोडा वेळ उभी राहिली. फ्रीजची घरघर, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली ते, न्हाणीघरात नळाच्या तोंडाशी जमून पडणारा थेंब. कान तिचे चांगले होते. अजूनही, या वयात. डॉक्टरांनी मागच्या वर्षी तपासून आश्चर्य व्यक्त केलं होतं. त्या कानांनी तिने आपल्याच घराकडे लक्ष दिलं आणि नवरा स्वयंपाकघरात कप काढत असताना, त्याची चाहूल स्पष्ट ऐकू येत असताना, ते वाक्य खरं वाटलं. घरात कुणी नाहीसं. ती चटकन दिवा लावून आत गेली. "चहा?" त्याने विचारलं. "चालेल." तो चहा ठेवता ठेवता काही गुणगुणेल असं तिला वाटलं. तो गुणगुणला नाही. तो घरी कधी गुणगुणायचा का? तिला आठवेना. आठवायचा प्रयत्न केला की त्या जागी नळाचा थेंबच ऐकू यायचा, आणि मग ती उठून नळ घट्ट करून आली, थेंब पडतच राहिला, पुन्हा उठली, नळाखाली फडकं ठेवलं. "काय चाललंय तुझं?" तो म्हणाला. "काही नाही," ती म्हणाली, "नळ."

तिचे वडील शिवणयंत्रं विकायचे. गावोगाव फिरायचे आणि दहा-बारा दिवसांनी परत आले की बूटही न काढता सांगायला सुरुवात करायचे. चार पायऱ्यांच्या चाळीस व्हायच्या. कुत्रं भुंकलं असेल तर ते अंगावर धावून यायचं आणि अंगावर धावून आलं असेल तर धोतराचा सोगाच फाडून न्यायचं, जरी वडील आयुष्यात कधी धोतर नेसले नव्हते. आई हसून हसून भिंतीला टेकायची. तीही हसायची, अकराव्या वर्षापर्यंत. त्या वर्षी शाळेचा निकाल लागला तेव्हा घरी कुणी पाहुणे बसले होते आणि वडील त्यांना म्हणाले, "आमची पहिली आली हो!" पाहुण्यांपैकी एका बाईने तिला जवळ ओढलं, गालावरून हात फिरवला, पर्समधून पेन काढून दिलं. त्या पेनाचं झाकण सोनेरी होतं. ते हातात घेऊन ती म्हणाली, "नववी." कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणाली, "मी नववी आले." वडील हसले, "अगं, नववी म्हणजे पहिल्यांतच की, चाळीस पोरी आहेत वर्गात!" पण पाहुण्यांचं हसू उशिरा आलं आणि लवकर संपलं. तिने पेन परत केलं. नंतर आई म्हणाली, "खरं बोललीस ते बरं केलंस." आणि मग पोळपाट धुताधुता, तिच्याकडे न बघता, "पण आज बोलली नसतीस तरी काही बिघडलं नसतं." वडील तिला रागावले नाहीत. फक्त त्यानंतर त्यांनी तिला काही सांगणं सोडलं. आईला सांगायचे, शेजाऱ्यांना सांगायचे. ती पलीकडच्या खोलीत अभ्यासाला बसलेली असायची आणि भिंतीतून त्यांचा आवाज यायचा, शब्द गाळून, नुसता खर्ज, आणि मधूनच सगळ्यांचं हसणं. भिंत वरचे सूर अडवते आणि खालचे सोडते, हे पुढे पुस्तकात वाचलं तेव्हा तिला ते आधीपासूनच माहीत होतं.

या धंद्यात ती आली तेव्हा तिला वाटलं होतं की इथे तरी कुणी तिखटमीठ लावत नसेल. एक तार, एक चुंबक, कागदाचा शंकू. आलेख सरळ असला तर असतो, नसला तर नसतो. पहिल्याच महिन्यात कळलं की इथे तर सगळे तेच करतात. प्रत्येक दुकानातला प्रत्येक स्पीकर मोठ्याने 'आमची पहिली आली' म्हणत असतो. तेव्हापासून ती हळूहळू, कुणाशी फारसं न भांडता, नववी आली ते नववी सांगणारा स्पीकर करत आली होती. काही लोकांना तो आवडायचा. त्यांची पत्रं यायची. एका वाचकबाईंनी, ज्या आंधळ्या माणसांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायच्या, लिहिलं होतं की तुमच्या स्पीकरवर मला माझ्या चुका ऐकू येतात. ते पत्र तिने टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

रविवारी सकाळी तो तलावावर गेला आणि शिट्टी घरीच विसरला. टेबलावर पडलेली ती शिट्टी बघत तिने दोन वर्तमानपत्रं वाचली, एक अक्षर डोक्यात न शिरता. मग ती उचलून निघाली. खरं तर तिथे दुसऱ्या शिट्ट्या असणार. तिला घरात बसवत नव्हतं एवढंच. तलावाच्या इमारतीत ती सहा-सात वर्षांत गेली नव्हती. दार ढकलताच तो आवाज अंगावर आला. फरशी, काच, पाणी, पत्र्याचं छत, सगळ्यांवरून उडून परत येणारा, कुठला कुठून आला ते न कळणारा. तिच्यासारखीला तो छळच. ती बाकड्यांच्या वरच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसली. एका कोपऱ्यातल्या पट्ट्यात एक म्हातारी बाई पोहत होती. पोहत म्हणजे हातपाय मारत, मान उंच धरून, तोंड वाकडं करून. नवरा काठाकाठाने तिच्याबरोबर उलटा चालत होता, वाकून, दोन्ही हात पुढे करून. "या, या, या! आलातच की! दोनच हात राहिले!" तिने वरून पाहिलं. निदान दहा राहिले होते. "सर, बुडतेय मी!" बाई ओरडली. "बुडणारी माणसं बोलत नाहीत! दोनच हात! काय सुरेख पाय चाललेत तुमचे!" पाय अजिबात सुरेख चालत नव्हते. तिने न ठरवता हात मोजले. अकरा झाले तेव्हा बाईने काठ धरला, कपाळ त्यावर टेकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. रडतेय की हसतेय ते वरून कळत नव्हतं. मग बाईने मान वर केली. "दोन म्हणालात! खोटारडे आहात तुम्ही!" "मग मोजत कशाला बसता?" तो म्हणाला आणि मोठ्याने हसला. ते हसणं छताला लागून तिच्यापर्यंत आलं, आणि ती शिट्टी मुठीत धरून बसली, इतकी घट्ट की तळव्यावर तिची कडी उमटली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. फार जुन्या ओळखीचा. लग्नाआधी एका पुलावर तो हा आवाज करून तिला काहीतरी सांगत होता आणि येणारे-जाणारे वळून बघत होते. तो आवाज कधी थांबला हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. रोज इथे येऊन नवरा तो वापरत होता आणि परत येताना इथेच ठेवून येत होता, ओल्या टॉवेलसारखा, दोरीवर.

आणि मग तिथेच, त्या कोलाहलात, तिला तो कागद आठवला. सहा वर्षांपूर्वीचा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याने नकाशा काढला होता. बंद पडलेली एक लॉन्ड्री, तिथे छोटासा तलाव, छातीएवढ्या पाण्याचा, फक्त पाण्याला भिणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. तो बोलत होता आणि खोलीत इकडून तिकडे चालत होता, बसता बसत नव्हता. "म्हातारी माणसं, अगं, आयुष्यभर काठावर उभी राहिलेली माणसं!" तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलली नाही. मग म्हणाली, "छत ठेंगणं आहे. वाफ कोंडेल. आवाज इतका घुमेल की चार तासांत तुझं डोकं उठेल." हे सगळं खरं होतं. आजही खरंच होतं. तो "हं" म्हणाला, कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि भूक लागलीय का असं विचारलं. तिला तेव्हा वाटलं होतं की पटलं त्याला. किती समजूतदार आहे, असं वाटलं होतं. शिट्टी दारावरच्या माणसाकडे देऊन, नवऱ्याला न भेटताच, ती बाहेर पडली. रस्त्यावर एकदम शांतता झाली आणि तिचे कान वाजत राहिले.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर तिने चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली. "ही तुझी ना?"

"नावं लिहायची नव्हती ना?"

"घ वरून ओळखली."

त्याने चिठ्ठी उचलली, वाचली, जणू दुसऱ्याचीच आहे. "अ तुझा होता?"

"दोन्ही माझेच."

"तसं नाही गं. तुझा कुठला?"

"अ."

 ताटातल्या कणावर बोट टेकवून तो कण त्याने ताटाच्या कडेला नेऊन ठेवला. "मी स्पीकरबद्दल लिहिलं होतं," तो म्हणाला.

"माहितेय मला."

"आधी कळलं असतं तर अ लिहिलं असतं."

"ते खोटं झालं असतं."

"हो," तो म्हणाला. "झालं असतं." आणि ताटं उचलून आत घेऊन गेला. तिला वाटलं की तो रागावला. मग नळाखाली ताटं एकमेकांवर आपटली नाहीत, हलकेच ठेवली गेली, तेव्हा कळलं की रागावलेला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. ती त्याच्यामागे जाऊन काहीतरी म्हणणार होती, तलावावर आले होते मी, तुला ऐकलं, असं काहीतरी. पण त्या वाक्याला कुठला सूर लावायचा तेच तिला सुचेना आणि तेवढ्यात त्याने आतला दिवा मालवला.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोहोचली. तिला अ पुन्हा ऐकायचा होता, आणि लावला तेव्हा तो नेहमीसारखाच होता, बाई गात होती, पियानो तिच्यामागे होता, सगळं जागच्या जागी. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला, कारण बाई खरंच कुणासाठी गात नव्हती. आपल्यालाच हे आता तसं ऐकू येतंय, ती चिठ्ठी कानात बसलीय, असं तिने स्वतःला सांगितलं. कानांवर विश्वास ठेवायचा नसेल तर काय करायचं असतं हे तिला ठाऊक होतं. सुतारकाका भुसा झटकत आत येत होते, त्यांना तिने तसंच धरून गाद्या लावलेल्या खोलीत नेलं, मायक्रोफोनसमोर उभं केलं आणि म्हणाली, "बोला."

"काय बोलू?"

"काहीही. लाकडाबद्दल बोला."

"लाकडाबद्दल काय बोलायचं? ओलं लाकूड पाठवतात मेले आणि वर म्हणतात खोकं फाटलं कसं!" दोन मिनिटं ते ओल्या लाकडावर बरसले आणि तिने ते ध्वनिमुद्रित करून घेतलं. मग तिने त्यांना पडद्यामागे स्पीकरच्या शेजारी उभं केलं आणि पडद्यापुढे डोळे मिटून बसली. एकदा खरे काका तेच बोलले, एकदा अ बोलला, एकदा ब. पुन्हा काका. पुन्हा अ. फरक तिला पहिल्याच वाक्याला कळला, तरी तिने सहा वेळा ऐकलं. खरे काका समोर उभे होते. अ मधले काका एक पाऊल मागे, दाराच्या चौकटीत, आत येऊ का विचारत उभे होते.

"हा मी आहे होय?" काका पडद्याबाहेर डोकं काढून म्हणाले. "मी एवढा सभ्य कधीपासून झालो?" ब ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "आणि हा तर माझा मेहुणा वाटतोय. लग्नात भाषण करणारा."

ते गेल्यावर ती आलेख काढून बसली. सेकंदाला दोन हजार ते चार हजार कंपनं, माणसाचा आवाज ज्या पट्ट्यात पुढे येतो, बोलणाऱ्याचे ओठ जिथे दिसल्यासारखे होतात, तिथे अ च्या रेषेला खळी होती. बशीसारखी उथळ, दीड डेसिबलची. ती तिला नवीन नव्हती. चार वर्षं ती दिसतच होती आणि दीड डेसिबल म्हणजे काय, खोलीतली उशी हलवली तरी तेवढा फरक पडतो, असं म्हणून तिने कधी तिची चौकशी केली नव्हती. जुनी वही काढली. पहिल्या वर्षातली नोंद सापडली, तिच्याच सुबक अक्षरात. 'आवाज अंगावर येतो. किंचित मागे घेतला.' कुणाच्या अंगावर येतो? काय येतं अंगावर? माणूस बोलला तर तो अंगावर येणारच. तिने पुढची पानं उलटली. सहा महिन्यांनी पुन्हा, 'थोडा आणखी मागे.' जगाला सांगत होती की मी काही मिसळत नाही, आणि इथे, मधोमध, चार वर्षं हातचं राखत होती. वर लावलेलं तिखट तिला कुठल्याही स्पीकरमध्ये एका सुरात ओळखता आलं असतं. काढून घेतलेलं ओळखायला तिला एक चिठ्ठी लागली. ती उठली, खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. खाली रस्त्यावर एक माणूस फोनवर कुणालातरी ओरडून 'अगं ऐक तरी' म्हणत होता, आणि तो पलीकडे जाऊन दिसेनासा होईपर्यंत ती त्याला ऐकत राहिली.

दोन दिवस ती तिसरी जोडी बसवत होती. करायचं फार थोडं होतं, एक भाग काढायचा, दुसऱ्याचं माप बदलायचं. पण प्रत्येक वेळी आवाज पुढे आला की तिचा हात आपोआप त्याला मागे रेटायला जायचा, चटका बसल्यासारखा, आणि ती हात मांडीखाली दाबून बसायची. घरी ती लवकर झोपायची किंवा झोपल्यासारखं करायची. नवरा विचारायचा, "झालं का काम?" ती म्हणायची, "होतंय." एकदा त्याने दारात थांबून, "मला तिसरा ऐकवशील?" असं विचारलं. तिसरा आहे हे त्याला सुतारकाकांकडून कळलं होतं, तिच्याकडून नाही.

गुरुवारी मालक आणि विक्री बघणारा माणूस त्या पडद्याच्या खोलीत आले. त्या माणसाला वरच्या मजल्यापासून फाटकापर्यंत सगळे भोंगा म्हणायचे, कारण तो शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यालाही मैदानापलीकडून हाक मारल्यासारखं बोलायचा. तिने आधी अ लावला, मग ब, मग काही न सांगता तिसरा. मालक डोळे मिटून ऐकत होते. म्हातारे झाले होते, पण ऐकताना त्यांचा खालचा ओठ अजून तरुण माणसासारखा पुढे यायचा. गाणं संपलं. "हा आधी का नाही आणलास?" ते म्हणाले.

"मला वाटत होतं अ सरळ आहे. नव्हता. मी हातचं राखलं होतं."

"मॅडम, चांगलाच आहे," भोंगा म्हणाला. "पण दुकानात माणूस पाच मिनिटं उभा राहतो. शेजारी दहा जोड्या वाजत असतात. त्यात ब मान वळवतो. हा नाही वळवणार."

"आणि घरी नेल्यावर? पंधरा दिवसांत कान थकतात. लोक आवाज कमी करत जातात, मग लावायचंच सोडतात. का सोडलं तेही त्यांना कळत नाही."

"लावला नाही तर नाही. परत तर आणून देत नाहीत ना?"

मालकांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. ती भोंग्याकडे वळली. "तुमच्या घरी कुठला आहे?"

भोंगा दोन सेकंद गप्प झाला. "जुना," तो म्हणाला. "तुम्ही बसवलेला, पहिला. बायको बदलू देत नाही."

एवढंच झालं. तिला वाटलं होतं यापुढे काहीतरी होईल. मालकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की दुकानांत ब जाईल, सतरा जणांनी तेच सांगितलंय, आणि तिसरा कुणी मागितला तर मागेल त्याला करून देऊ, तो यादीत राहू दे. "मग ब वर माझी सही नको," ती म्हणाली. तिला वाटलं आवाज चढेल, तिचा किंवा त्यांचा. "बरं," मालक म्हणाले. "तिसऱ्यावर कर." ते फोन कानाला लावून उठले आणि भोंग्याने तिच्यासाठी दार धरलं. ती जिना उतरली आणि फाटकापाशी सुतारकाकांनी "काय झालं?" विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ब जाणार." काका म्हणाले, "मेहुणा जिंकला म्हणायचा," आणि रंधा उचलून कामाला लागले.

ती घरी पोहोचली तेव्हा उजेड होता. नवरा स्वयंपाकघरात कांदा चिरत होता, बारीक, एका लयीत. "काय ठरलं?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"ब."

"हं," तो म्हणाला. सुरी चालू राहिली. ती चप्पल काढून दारात उभी राहिली. तिने उत्तर दिलं होतं, ते पुरेसं होतं, त्यात कुठे चूक नव्हती. त्याच्या मानेवरचे केस ओले होते. तो तलावावरून येऊन तासही झाला नसेल. आता तो "भूक लागलीय का?" विचारणार, हे तिला वीस वर्षांच्या सवयीने कळलं आणि ते वाक्य त्याच्या तोंडून निघायच्या आत ती घाईने म्हणाली, "थांब. ठेव ती सुरी. सगळं सांगते."

तो वळला. डोळ्यांत कांद्याचं पाणी.

"भोंगा आला होता," ती म्हणाली आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, जरा वरचा, जरा पुढे आलेला. "नवीन कोट घालून. असा बसला, असा, खुर्ची कमी पडत होती त्याला. आणि मला म्हणतो, मॅडम, गिऱ्हाइकाची मान वळली पाहिजे! एवढ्या मोठ्याने म्हणाला की मालकांच्या कपातला चहा हलला." चहा नव्हता. कोट होता की नव्हता तिने पाहिलं नव्हतं. ती दोन पावलं आत आली आणि हात आपोआप उचलले गेले. "मी सगळं ऐकून घेतलं. एक शब्द नाही बोलले. आणि मग विचारलं, तुमच्या घरी कुठला आहे हो? तर गप्प! एकदम गप्प! मिनिटभर!"

"भोंगा?" नवरा म्हणाला. त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "मिनिटभर?"

दोन सेकंद. ते शब्द नेहमीच्या जागी, दातांच्या मागे येऊन उभे राहिले, बिनचूक. तिने त्यांना तिथेच राहू दिलं. 

"मिनिटभर," ती म्हणाली. "घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती."

त्या खोलीत घड्याळ नाही हे त्यालाही माहीत होतं. शनिवारी तो दोन तास तिथे बसला होता आणि किती वाजले म्हणून त्याने दोनदा शेजाऱ्याला विचारलं होतं. त्याने तिच्याकडे बघितलं, नीट, पाण्यात नवीन उतरलेल्या माणसाकडे बघावं तसं. मग फडक्याला हात पुसले, स्टूल पायाने पुढे ओढलं आणि त्यावर बसला.

"मग?" त्याने विचारलं.

मग काहीच झालं नव्हतं. ती सांगत राहिली.